जीवाणूंच्या पृष्ठभागाचा ताठरपणा : मापन आणि अन्वयार्थ

बिनिग, क्वेट आणि गेर्बर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या अणुबल सूक्ष्मदर्शकामुळे जिवंत जीवाणूचा पृष्ठभाग द्रवमाध्यमातच, नॅनोमीटरच्या पातळीवर तपासणे शक्य झाले. हे साधन केवळ प्रतिमा देत नाही. सूक्ष्म सुईने पेशी दाबून तिचा ताठरपणाही मोजते. मात्र प्रतिमा आणि आकडा यांची विश्वासार्हता सारखीच मानण्याची प्रवृत्ती संशोधनपर लेखनात आढळते. तिची चिकित्सा होणे आवश्यक आहे.

मापनात सुई धारण करणारी लवचीक पट्टी किती वाकली, यावरून बल काढले जाते. बल आणि पेशीत पडलेला खळगा यांच्या आलेखावरून यंगचा गुणांक ठरवला जातो. म्हणजे गुणांक थेट मोजला जात नाही, तो गणिती प्रतिमानातून अनुमानिला जातो. त्यासाठी बहुधा एकोणिसाव्या शतकातील हर्ट्झच्या स्पर्शसिद्धान्ताचा आधार घेतात. या सिद्धान्तात पदार्थ एकजिनसी, सर्व दिशांना समान गुणधर्म असलेला आणि खळग्याच्या तुलनेत खूप जाड असल्याचे गृहीत धरलेले असते. जीवाणू तसा नसतो. पातळ, बहुस्तरीय आवरण आणि आतून त्यावर पडणारा द्रवाचा दाब अशी त्याची रचना असते. त्यामुळे आकड्यात भित्तिकेचा वाटा किती आणि अंतर्गत दाबाचा किती, हा प्रश्न शिल्लक राहतो.

मापनाच्या परिस्थितीचा प्रभावही दुर्लक्षिण्यासारखा नाही. याओ व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एश्चेरिशिया कोलायच्या विलग केलेल्या पेप्टिडोग्लायकन कोशांची स्थितिस्थापकता मोजली. ओल्या कोशांसाठी हा गुणांक सुमारे २५ मेगापास्कल, तर वाळलेल्या कोशांसाठी ३०० ते ४०० मेगापास्कल आढळला. पदार्थ तोच, केवळ पाण्याच्या अभावाने आकडा दहापटींहून अधिक वाढला. साहजिकच वाळवलेल्या नमुन्यावरील निष्कर्ष जिवंत पेशीला लावणे धोक्याचे ठरते.

याचा परिणाम प्रतिजैविकांच्या मूल्यमापनावर होतो. औषधानंतर पेशी मऊ झाली म्हणजे भित्तिका मोडली, असा तर्क सोपा वाटतो. परंतु केवळ अंतर्गत दाब घटल्यानेही पेशी मऊ होऊ शकते. या दृष्टीने फ्रान्सियस व सहकाऱ्यांचे २००८ मधील स्टॅफिलोकॉकस ऑरियसवरील कार्य उल्लेखनीय ठरते. लायसोस्टॅफिन या विकराच्या क्रियेनंतर ताठरपणा घटल्याचे त्यांनी नोंदवले. त्याचबरोबर पेशी फुगणे आणि भित्तिकेस सूक्ष्म छिद्रे पडणे यांच्या प्रतिमाही सादर केल्या. तेथे आकडा एकटा उभा नाही. प्रत्यक्ष निरीक्षण त्याला आधार देते.

याउलट २०१८ मध्ये रोहास व सहकाऱ्यांनी ग्रॅम-ऋण जीवाणूंमध्ये बाह्यपटलही यांत्रिक भार पेलते, असे दाखवून दिले. ताठरपणाचे सारे श्रेय पेप्टिडोग्लायकनला देणाऱ्या पूर्वीच्या अन्वयार्थांचा त्यामुळे फेरविचार करावा लागतो.

सारांश, ताठरपणाचा आकडा हा जीवाणूचा अंगभूत गुण नसून जीवाणू, माध्यम, सुई आणि प्रतिमान यांचा संयुक्त परिणाम होय. सुईचा आकार, पट्टीच्या बलस्थिरांकाचे अंशांकन, खळग्याची खोली, माध्यमाची क्षारता आणि पेशी स्थिर करण्याची पद्धत नमूद नसेल, तर दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांची तुलना निरर्थक ठरते. पद्धतीचे सामर्थ्य यामुळे उणावत नाही. एकाच परिस्थितीत, एकाच सुईने, औषधापूर्वी व नंतर घेतलेल्या नोंदींतील फरक निश्चितच अर्थपूर्ण असतो. संशोधन-मार्गदर्शकांनी विद्यार्थ्यांना आकडा उद्धृत करण्यापूर्वी त्यामागील गृहीतके वाचावयास लावणे, हे म्हणूनच अगत्याचे आहे.