चित्राची पाठ : गेइसब्रेख्ट्स आणि स्थिरवस्तुचित्रातील खेळ

स्थिरवस्तुचित्र म्हटले की फळे, सुरई आणि खाली चुण्या पडलेले कापड डोळ्यांसमोर येते. त्यामुळे हा प्रकार अनेकांना केवळ हात बसवण्याचा वाटतो. सतराव्या शतकातही त्याची प्रतिष्ठा बेताचीच होती. १६६० च्या दशकात फ्रान्समध्ये आंद्रे फेलिबियाँ यांनी चित्रप्रकारांची उतरंड मांडली. तिच्यात फळेफुले रंगवणारा तळाशी होता, तर इतिहास-पुराणातील प्रसंग रंगवणारा बराच वर. नेमक्या त्याच काळात कॉर्नेलिस नॉर्बर्टस गेइसब्रेख्ट्स या फ्लेमिश चित्रकाराने या तळाच्या प्रकाराला एक खट्याळ वळण दिले. ते निव्वळ गंमत होते की त्यामागे विचार होता, हे या पाठात पाहू.

१६६८ ते १६७२ या काळात गेइसब्रेख्ट्स कोपनहेगनमध्ये डेन्मार्कच्या राजदरबारासाठी काम करत होता. त्याचा हातखंडा ‘त्रॉम्प लॉय’चा, म्हणजे डोळ्यांना फसवणाऱ्या चित्राचा. ही परंपरा जुनी आहे. रोमन लेखक प्लिनी याने सांगितलेल्या कथेत झ्यूक्सिसची द्राक्षे टिपायला पाखरे येतात. पण पाऱ्हासियसने रंगवलेला पडदा बाजूला करा, असे खुद्द झ्यूक्सिसच म्हणतो आणि हरतो. पाखरांना फसवण्यापेक्षा जाणकाराला फसवणे मोठे, हा या कथेचा रोख आहे.

आता १६६८ मधील एक चित्र पाहा. चित्रकाराच्या खोलीची भिंत, तिच्यावर एक ‘वॅनिटस’ चित्र. वॅनिटस म्हणजे कवटीसारख्या वस्तूंतून आयुष्याची नश्वरता सुचवणारे स्थिरवस्तुचित्र. इथवर सारे परिचित आहे. पण या चित्रातल्या चित्राचा एक कोपरा चौकटीपासून सुटून खाली लोंबतो आहे. तोही अर्थातच रंगवलेला. सारे काही नाशिवंत आहे, असा उपदेश करणारे चित्र स्वतःही कापडाचा तुकडाच आहे आणि तेही नाशिवंत आहे, हे तो लोंबणारा कोपरा दाखवून देतो. इथे विनोद उपदेशाला छेद देत नाही, उलट त्याला शेवटापर्यंत नेतो.

१६७० मधील चित्रात तो याच्याही पुढे गेला. त्यात फळे नाहीत, कवटी नाही. दिसते ती फक्त एका चित्राची मागची बाजू : लाकडी चौकट, खिळे, कोरे कापड आणि ३६ हा आकडा लिहिलेली कागदाची चिठ्ठी. पलीकडे काय काढले आहे, या कुतूहलाने कुणी ते उलटले, तर हाती लागते खरीखुरी पाठ. म्हणजे चित्राला दोन पाठी आहेत आणि ज्याला आपण ‘पुढची बाजू’ म्हणतो ती कुठेच नाही. वस्तूंचे चित्र काढता काढता चित्रकाराने चित्रालाच वस्तू करून टाकले. ती चिठ्ठीही सूचक आहे. संग्रहात चित्र हा आकडा लावलेला एक जिन्नस असतो, याची ती आठवण करून देते.

त्रॉम्प लॉयवर नेहमीचा आक्षेप असा, की फसवणूक उघड झाली की चित्र संपते. गेइसब्रेख्ट्सच्या काही कामांना हा आक्षेप लागू पडतो. पट्ट्यांत खोचलेली पत्रे व कागद दाखवणाऱ्या त्याच्या चित्रांत जिनसांची गर्दी होते आणि नजर कौशल्य मोजत राहते. ‘पाठ’ मात्र वेगळी आहे. तिच्यात फसवणूक उघड झाल्यावरच खरा प्रश्न सुरू होतो : आपण नेमके काय पाहायला आलो होतो?

आपल्यापैकी बहुतेकांना हे चित्र पडद्यावरच भेटेल. तिथे ते एखाद्या चौकटीच्या मागच्या बाजूचे छायाचित्र वाटते आणि खेळ निसटतो, कारण हा खेळ डोळ्यांइतकाच हातांचा आहे. म्हणून चित्राचा आकार, ठेवण आणि वजन मनात उभे करूनच ते वाचावे लागते.

सारांश, गेइसब्रेख्ट्सने स्थिरवस्तुचित्राला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी त्यात थोर विषय आणले नाहीत. तळाच्या पायरीवरच बसून त्याने वरच्या पायऱ्यांनाही लागू पडणारी गोष्ट दाखवली : थोर प्रसंगाचे चित्र असो वा लिंबाचे, उलटे केले की पाठ सारखीच.

विचारासाठी प्रश्न : हे चित्र भिंतीवर पक्के टांगले, तर त्याचा अर्थ कितपत बदलेल?