जुन्या छायाचित्रांतील मुंबई : पुराव्याच्या मर्यादा आणि वाचनाची शिस्त

प्रस्तावना

गेल्या काही दशकांत जुन्या मुंबईची छायाचित्रे आणि चित्रपोस्टकार्डे यांविषयीचे कुतूहल लक्षणीय वाढले आहे. शारदा द्विवेदी व राहुल मेहरोत्रा यांच्या ‘बॉम्बे : द सिटीज विदिन’ (१९९५) या ग्रंथाने शहराची जडणघडण सचित्र मांडली. ओमर खान यांच्या ‘पेपर ज्युवेल्स’ (२०१८) या ग्रंथाने ब्रिटिशकालीन पोस्टकार्डांकडे गंभीर अभ्यासविषय म्हणून लक्ष वेधले. महाविद्यालयीन प्रकल्पांतही ‘तेव्हाची आणि आताची मुंबई’ हा विषय आवडीने निवडला जातो. मात्र अशा प्रकल्पांचा निष्कर्ष बहुधा आधीच ठरलेला असतो : पूर्वीची मुंबई मोकळी, स्वच्छ व शांत होती आणि बाहेरून आलेल्या गर्दीने ती बिघडवली. प्रस्तुत लेखात या निष्कर्षाची चिकित्सा करावयाची आहे. छायाचित्र हा इतिहासाचा मौल्यवान पुरावा आहे. परंतु तो ज्या प्रक्रियेतून निर्माण झाला ती समजून घेतल्याशिवाय त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

रिकाम्या रस्त्यांचे रहस्य

मुंबईत छायाचित्रणाची संघटित सुरुवात फार लवकर झाली. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड सोसायटीचे सभासद होते व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः छायाचित्रकार होते. म्हणजेच ही कला केवळ युरोपीय हौशी मंडळींपुरती सीमित नव्हती.

त्या काळी काचेवर कोलोडियनचा ओला थर देऊन चित्र घेतले जाई. काच ओली असतानाच चित्र घेऊन ती धुवावी लागे, त्यामुळे तंबू व रसायने बरोबर बाळगणे क्रमप्राप्त होते. प्रकाशासाठी भिंग अनेकदा काही सेकंद उघडे ठेवावे लागे. एवढ्या अवधीत इमारत स्थिर राही. चालणारा माणूस, धावणारी गाडी मात्र पुसट होई किंवा चित्रातून पूर्णपणे नाहीशी होई. १८६० च्या दशकातील छायाचित्रांत रस्ते ओस दिसतात, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे. १८६४ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. कापसाच्या तेजीचा बहर ओसरल्यानंतर, १८७२ च्या जनगणनेतही ती ६,४४,४०५ इतकी भरली. अशा शहरातील हमरस्ता भरदिवसा निर्मनुष्य असणे संभवत नाही. गर्दी होती; तिची नोंद करण्याची क्षमता काचेत नव्हती. रसायनशास्त्राच्या मर्यादेला नागरी सौंदर्याचा पुरावा मानणे ही पद्धतीची चूक आहे.

एकाच वर्षातील दोन पुस्तके

माणसे स्पष्ट दिसतात तेथेही सावधगिरी आवश्यक ठरते. विल्यम जॉन्सन यांच्या मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या छायाचित्रग्रंथाचे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील अनेक चित्रे जोडचित्रे आहेत : माणसांचे गट वेगळे टिपले व ते शहरातील दृश्यांच्या छायाचित्रांवर बसवले. पार्श्वभूमी खरी, माणसेही खरी; त्यांचे एकत्र असणे मात्र रचलेले. येथे व्यक्ती जातीचा नमुना म्हणून उभी राहते; तिचे नाव, तिचा व्यवसायातील दिवस, तिचे शेजारी यांना स्थान उरत नाही.

योगायोग असा की, त्याच १८६३ साली गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. माडगावकरांच्या मुंबईत बाजार आहेत, धंदे आहेत, सणवार आहेत आणि या सर्वांतून वावरणारी माणसे आहेत. पुढे आचार्य व शिंगणे यांच्या ‘मुंबईचा वृत्तांत’ (१८८९) या ग्रंथाने तीच परंपरा चालवली. जॉन्सन यांच्या चित्रांत जे समाज एकमेकांपासून सुटे करून दाखवले आहेत, ते माडगावकरांच्या गद्यात एकाच शहराचे रहिवासी म्हणून भेटतात. छायाचित्राचे मौन मराठी गद्य भरून काढते, ते असे. असे असूनही सचित्र ग्रंथांत आणि प्रकल्पांत या दोन्ही मराठी पुस्तकांचा आधार अपवादानेच घेतला जातो, हे खेदाने नमूद करावे लागते.

पोस्टकार्डातील निवडक शहर

भारतात पाव आण्याचे टपाल कार्ड १८७९ मध्ये आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रपोस्टकार्डांची लाट उसळली. भारताविषयीच्या अनेक कार्डांची छपाई जर्मनीत होत असे. रंगीत कार्डांतील रंग पुष्कळदा छापखान्यात चढवलेले असत. म्हणून लुगड्याचा किंवा आभाळाचा रंग पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न विषयांच्या निवडीचा आहे. व्हिक्टोरिया टर्मिनस, राजाबाई टॉवर, अपोलो बंदर, मलबार हिल ही स्थळे पुनःपुन्हा भेटतात. काळबादेवी, भेंडी बाजार यांचीही कार्डे आढळतात. परंतु अनेक देशी वस्त्या ‘नेटिव्ह टाऊन’सारख्या मोघम मथळ्याखाली निनावी राहतात. मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ सालची, म्हणजे फोटोग्राफिक सोसायटीच्याच वर्षातली. पण ज्या श्रमांवर हे शहर उभे राहिले, त्या श्रमिकांची चाळीतील खोली पोस्टकार्डाचा विषय झाली नाही. सामान्यांच्या घरात कॅमेरा गांभीर्याने शिरला तो १८९६-९७ च्या प्लेगच्या साथीत. घरे धुणारे बंब, झडतीपथके, विलगीकरण छावण्या यांची छायाचित्रे त्या वेळी काढली गेली. घर दिसले ते ‘रोगाचे ठिकाण’ म्हणून. १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्या पाडून रस्ते काढण्यात आले. वस्तीकडे पाहण्याची तीच दृष्टी या धोरणातही प्रकट झाली.

कालनिश्चितीची साधने

या मर्यादा मान्य करूनही छायाचित्रातून नेमकी माहिती काढता येते. अपोलो बंदराच्या चित्रात ताजमहाल हॉटेल आहे, पण गेटवे ऑफ इंडिया नाही, तर ते चित्र १९०३ ते १९२४ या कालखंडातील असले पाहिजे. घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये व विजेची १९०७ मध्ये सुरू झाली. १९६४ मध्ये ट्राम बंद पडली. त्यामुळे रुळांवरच्या तारा हाही दिनांकच असतो. १८७९ मध्ये उभारलेला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलवला गेला. पुतळा गेला, तरी ‘काळा घोडा’ हे नाव टिकले. लोकांच्या जिभेने राजाला वगळून घोडाच लक्षात ठेवला होता. हा इतिहास चित्राच्या मथळ्यात नाही, बोलीत आहे.

मात्र एकच काच वर्षानुवर्षे वापरून कार्डे छापली जात. म्हणून चित्राचा काळ, छपाईचा काळ आणि पाठीवरील टपालशिक्क्याचा काळ यांची नोंद स्वतंत्रपणे ठेवली पाहिजे.

समारोप

‘तेव्हा आणि आता’ ही तुलना वरकरणी निरुपद्रवी वाटते. परंतु रिकामा रस्ता म्हणजे आदर्श शहर असे एकदा मनावर ठसले की, आज त्या रस्त्यावर उभा असलेला फेरीवाला, हमाल वा झोपडीवासी हा इतिहासातील घुसखोर ठरतो. वास्तविक त्याचे पूर्वज त्या छायाचित्रातही होते. काच त्यांच्यासाठी थांबली नाही, एवढेच. इतिहासाच्या अध्यापकाने ही गैरसमजूत पाठ्यप्रकल्पातून पुढच्या पिढीकडे जाऊ देता कामा नये.

यास्तव प्रकल्पाची रीत बदलावी लागेल. प्रत्येक चित्रासोबत विद्यार्थ्याने चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत : चित्र कोणी काढले, कोणासाठी काढले, कोठे उभे राहून काढले आणि त्यात कोण नाही? मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावाच्या मौखिक इतिहासाच्या ग्रंथात (२००४) कामगारांचे बोल संकलित केले. त्याच धर्तीवर विद्यार्थ्यांच्या घरांतील, पत्र्याच्या पेटीत जपलेली लग्नाची व स्टुडिओतील छायाचित्रे, ती दाखवणाऱ्या आजी-आजोबांच्या आठवणींसह संकलित करता येतील. रंगवलेल्या पडद्यासमोर ताठ बसलेला गिरणी कामगारही आपली प्रतिमा रचतच असतो. परंतु ती रचना त्याची स्वतःची असते. पोस्टकार्डांनी वगळलेली मुंबई या पेट्यांतून हाती येण्याची शक्यता आहे, आणि त्या पेट्या दरवर्षी कमी होत आहेत.