‘डार्क’ : ३३ चा आकडा आणि हेल्गेचा कान

‘डार्क’ बघणाऱ्याला पहिल्या सीझनच्या मध्यापर्यंत एक खोड लागतेच. पडद्यावर कुठलाही आकडा दिसला की त्यात ३३ शोधायचा. घराचा नंबर, गाडीची पाटी, फाइलवरची तारीख. सरळ सापडला नाही तर बेरीज करायची, तेवढ्याने भागलं नाही तर भागाकार. आणि सापडतोही! मग वाटतं, काय डोकं लावलंय या लोकांनी.

डोकं लावलंय यात वाद नाही. पण प्रत्येक सापडलेली खूण त्यांनीच ठेवलेली असते का? आजचा विषय हाच: रहस्यमालिकेतल्या खुणा वाचताना खरी खूण आणि आपल्या मनाची खूण यांत फरक कसा करायचा. संशोधनातही रोज हाच प्रश्न असतो, म्हणून या ब्लॉगवर हा विषय.

आधीच सांगते: पुढे तिन्ही सीझनची गुपितं फोडली आहेत. मालिका बघायची असेल तर आधी २६ भाग संपवा, मग या.

ज्यांनी बघून बराच काळ झालाय त्यांच्यासाठी थोडक्यात उजळणी. बारान बो ओडार आणि यान्त्ये फ्रीजे या जोडीने केलेली ही नेटफ्लिक्सची पहिली जर्मन मालिका. सीझन आले २०१७, २०१९ आणि २०२० मध्ये. विंडेन नावाचं काल्पनिक गाव, तिथे अणुवीज प्रकल्प, जंगलात गुहा. मिकेल नावाचा मुलगा २०१९ मध्ये नाहीसा होतो आणि १९८६ मध्ये निघतो. त्याच्याही मागे ३३ वर्षं, म्हणजे १९५३ मध्ये, गोष्टीचा आणखी एक पदर आहे. चार कुटुंबं, आणि प्रत्येक जण कुणाचा तरी बाप, मुलगा, आजोबा, कधी कधी सगळंच. गावाचं नावही सुचक आहे. जर्मनमध्ये ‘विंडेन’ म्हणजे गुंडाळणं, पीळ देणं. सबटायटल वाचणाऱ्याच्या हातून हे निसटतं.

३३ कुठून आला?

मालिका म्हणते, ३३ वर्षांनी सूर्य आणि चंद्र यांचं कॅलेंडर पुन्हा जुळतं. हे तपासता येतं. सौर वर्ष ३६५.२४ दिवसांचं, बारा चांद्र महिन्यांचं वर्ष ३५४.३७ दिवसांचं. ३३ सौर वर्षांचे दिवस होतात सुमारे १२,०५३ आणि ३४ चांद्र वर्षांचे सुमारे १२,०४८. चार-पाच दिवसांचा फरक उरतो, पण ढोबळमानाने दावा खरा आहे. रमजानचा महिना साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो, तो यामुळेच.

आता आपल्या घरातली गोष्ट. आपल्याकडे धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक मास, साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो. तिकडे ३३ वर्षं, इकडे ३३ महिने. योगायोग? नाही. दोन वर्षांमधला फरक दर वर्षी सुमारे १०.९ दिवसांनी वाढतो. तो साठून एका चांद्र महिन्याएवढा व्हायला ३२.६ महिने लागतात. तोच फरक बारा चांद्र महिन्यांएवढा व्हायला बारापट वेळ लागणार, म्हणजे ३२.६ वर्षं. जावयाला अनारसे ज्या हिशेबाने मिळतात, त्याच हिशेबावर विंडेनची गुहा उघडते!

हे मुद्दाम सविस्तर सांगितलं. दोन ठिकाणी एकच आकडा दिसला आणि मागे एकच कारण निघालं. खरा नमुना असाच असतो, त्याच्या मागे यंत्रणा सापडते. नंबरप्लेटवरच्या ३३ मागे कुठली यंत्रणा?

मासा सापडला, पण तळं केवढं होतं?

साधा हिशेब करू. समजा, मालिका बघताना तुमच्या डोळ्यांसमोरून दोन अंकी ३०० आकडे गेले. समजा, ते कसेही पडलेत, कुणी काही ठरवलेलं नाही. एखादा आकडा नेमका ३३ असण्याची शक्यता १०० मध्ये १. तरीही ३०० मध्ये निदान एकदा ३३ दिसण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के येते. त्यात ११, ६६, ९९ आणि उलटसुलट बेरजाही ‘चालतील’ म्हटलं की न सापडणंच अशक्य. सापडला याचं कौतुक करण्याआधी विचारायचं: आपण किती ठिकाणी शोधलं, आणि काय काय चालवून घेतलं?

कणभौतिकीत याची सांख्यिकी बांधलेली आहे आणि तिथे एक प्रसिद्ध घटना घडून गेली आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सर्नच्या ॲटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांनी ७५० जीईव्हीच्या आसपास एक उंचवटा दाखवला. तिथे अपेक्षेपेक्षा जास्त फोटॉनच्या जोड्या दिसत होत्या. ॲटलासच्या आकडेवारीत फक्त त्या जागेपुरतं बघितलं तर संकेत ३.९ सिग्माचा होता. पण उंचवटा कुठेही दिसला असता तरी आपण उड्या मारल्याच असत्या, म्हणून शोधलेल्या सगळ्या पट्ट्याचा हिशेब धरावा लागतो. तो धरला की उरत होते जेमतेम २ सिग्मा. तरी काही महिन्यांत त्या कणाच्या स्पष्टीकरणाचे ५०० च्या आसपास शोधनिबंध आले. ऑगस्ट २०१६ मध्ये जास्त डेटा आला आणि उंचवटा गायब. कण नव्हताच.

ते ५०० निबंध लिहिणारे मूर्ख नव्हते. मेंदू असाच चालतो. क्लाउस कॉनराड या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९५८ मध्ये संबंध नसलेल्या गोष्टींत अर्थ दिसण्याला अपोफेनिया हे नाव दिलं. त्याने ते आजाराच्या संदर्भात वापरलं होतं, पण थोडासा अपोफेनिया आपल्या सगळ्यांत असतो आणि रहस्यमालिका त्यावरच जगतात.

मग चांगली खूण कोणती?

‘डार्क’ मला आवडते याचं कारण हे, की तिच्यातल्या उत्तम खुणा आकड्यांत नाहीत. त्या शरीरांवर आहेत.

म्हातारा हेल्गे पहिल्या सीझनमध्ये येतो तेव्हा त्याचा कान आणि चेहऱ्याची एक बाजू विद्रूप आहे. बघणारा म्हणतो, असेल काहीतरी जुनं. पुढे उलरिख, हरवलेल्या मिकेलचा बाप, पोराच्या शोधात १९५३ मध्ये पोचतो. याच हेल्गेने पुढे पोरं पळवली अशी त्याची खात्री आहे, म्हणून तो लहानग्या हेल्गेला दगडाने ठेचतो. पोरगं मरत नाही, कान जातो. जो व्रण आपण आधीच म्हाताऱ्याच्या तोंडावर बघितला, त्याचं कारण नंतर घडतं. उलरिखनेही तो व्रण बघितला होता. नीट वाचला असता तर त्याला कळलं असतं की आपला घाव चुकणार आहे.

दुसरी खूण त्याहून सरस. पहिल्या सीझनमधल्या अनोळखी प्रवाशाच्या गळ्यावर वळ आहे. सीझनच्या अखेरीस कळतं की हा प्रवासी म्हणजे मोठा झालेला योनास. तिथेच एक भाकीत तयार होतं: तरुण योनासच्या गळ्याला कधीतरी फास बसणार. दुसऱ्या सीझनमध्ये भविष्यातल्या उद्ध्वस्त विंडेनमध्ये त्याला खरोखर फासावर चढवलं जातं आणि शेवटच्या क्षणी सोडलं जातं.

फरक लक्षात आला का? वळाची खूण चुकू शकत होती. पुढच्या सीझनमध्ये फास आला नसता तर अंदाज कोसळला असता. नंबरप्लेटवरचा ३३ कधीच चुकू शकत नाही, कारण त्याच्यावर काहीच अवलंबून नाही. माझी कसोटी एवढीच: या खुणेमुळे पुढे काय घडणं अशक्य झालं? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर ती सजावट. सजावट वाईट नसते, पण तिला पुरावा म्हणू नये.

संत क्रिस्टोफरचं पदक या कसोटीला उतरतं. दुसऱ्या सीझनमध्ये २०१९ च्या उन्हाळ्यात योनास आणि मार्टाला ते तळ्याकाठच्या वाळूत सापडतं. प्रेमकथेतली गोड वस्तू वाटते. तिसऱ्या सीझनमध्ये त्याचा प्रवास कळतो. एगॉन ते हानाला देतो. हाना ते हेलेने नावाच्या घाबरलेल्या मुलीला देते, आणि तिला स्वतःचं खोटं नाव सांगते, कॅथरिना. पुढे हेलेने स्वतःच्या मुलीचं नाव कॅथरिना ठेवते, आणि १९८७ मध्ये त्याच तळ्याकाठी, भविष्यातून आलेल्या त्याच मुलीचा न ओळखता जीव घेते. झटापटीत पदक तिथे पडतं. हे कळल्यावर वाळूतलं ते दृश्य पुन्हा बघवत नाही. खुणेने कोडं सोडवलंच, शिवाय जुन्या दृश्याचं वजन बदललं.

एकच चिन्ह, दोन अर्थ

तीन पाकळ्यांची गाठ, ट्रिक्वेट्रा, पहिल्या सीझनपासून सगळीकडे आहे. दारावर, वहीवर. आपण सगळे अर्थ लावतो: १९५३, १९८६, २०१९, तीन काळ. मालिकाही तसंच भासवते. शेवटी कळतं की पाकळ्या तीन जगांच्या आहेत: योनासचं, मार्टाचं, आणि ज्यातून ही दोन फुटली ते मूळ.

याला फसवणूक म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. सुरुवातीची शीर्षकंच बघा, पहिल्या भागापासून प्रत्येक चित्र आरशात दुमडलेलं आहे, आणि तिसऱ्या सीझनमधलं दुसरं जग डावं-उजवं उलटलेलं आहे. पुरावा समोर होता. तो दोन्ही अंदाजांना सारखाच बसत होता आणि आपण पहिला बसला तिथे थांबलो. डेटाला एक स्पष्टीकरण बसलं म्हणजे दुसरं बसत नाही असं सिद्ध होत नाही, हे मार्गदर्शकांकडून ऐकून कान किटतात. इथे ते २६ भागांत अनुभवायला मिळतं.

वारंवार येणारी खरी गोष्ट

आकडे आणि चिन्हं बाजूला ठेवली की मालिकेत पुन्हा पुन्हा एकच गोष्ट घडताना दिसते: कुणीतरी गेलेल्या माणसाला सोडायला तयार नाही. उलरिख मिकेलला. योनास बापाला, मग मार्टाला. क्लाउडिया मुलीला, रेगिनाला. आणि सगळ्याच्या मुळाशी घड्याळजी टानहाउस. १९७१ मध्ये मुलगा, सून आणि तान्ही नात अपघातात गेली, त्यांना परत आणायला त्याने यंत्र बांधलं आणि १९८६ मध्ये ते चालू करताच जग फुटलं. ३३ वर्षांचं चक्र हा नुसता सांगाडा आहे, त्यावरचं मांस हे दुःख आहे.

मग जाणवतं की सर्वत्र नमुना बघणारी माणसं मालिकेतच आहेत. आडाम आणि एवा, म्हणजे म्हातारे झालेले योनास आणि मार्टा. त्यांना प्रत्येक घटना ठरलेली दिसते, आणि तसंच व्हावं म्हणून ते स्वतः हात रक्ताने माखतात. भिंतीवर फोटो आणि दोरे लावून बसलेल्यांची ही गत! बाहेरचा रस्ता शोधते क्लाउडिया, कारण ती न बसणाऱ्या गोष्टीकडे बघते. ट्रोंटे हा रेगिनाचा बाप नाही, म्हणजे रेगिना त्या गाठीतली नाही. गाठीत नसलेलं माणूस अस्तित्वात असेल तर गाठीबाहेरही काहीतरी आहे. नियमाला धरून वागणारी हजार उदाहरणं जे सांगत नव्हती, ते एका अपवादाने सांगितलं.

जिथे मालिका घसरते

सगळंच कौतुक नाही. गाठ सुटते ती अशी: महाप्रलयाच्या क्षणी काळ एका निमिषासाठी थांबतो आणि तेवढ्यात कार्यकारणभाव मोडता येतो. हा नियम अगदी शेवटच्या टप्प्यात हातात ठेवला जातो. दोन सीझन ‘काहीही बदलत नाही’ असं ठासून सांगणाऱ्या मालिकेने हे बीज आधी पेरायला हवं होतं. हेल्गेचा कान इतक्या काळजीने ठेवणाऱ्यांनी शेवटची किल्ली मात्र खिशातून काढली. क्लाउडियाला मूळ जगाचा आणि टानहाउसच्या अपघाताचा पत्ता कसा लागला, हेही घाईत उरकलंय. निष्कर्ष सुंदर, पद्धतीचं प्रकरण दीड पानात.

तरी निर्मात्यांना आपली खोड पक्की ठाऊक होती. पोलीस व्योलरच्या डोळ्यावर पट्टी आहे. का, ते कधीच कळत नाही. दुसऱ्या जगात डोळा शाबूत, पण हात नाही. शेवटच्या प्रसंगात, जेवणाच्या टेबलावर, तो डोळ्याची कहाणी सांगायला घेतो आणि दिवे जातात. बसा शोधत!

पुन्हा बघणार असाल तर एक प्रयोग करा. प्रत्येक सीझन संपल्यावर पुढे काय होणार नाही, ते तारीख टाकून वहीत लिहा. भाकीत आधी आणि तपासणी नंतर, एवढीच शिस्त. ज्यांनी आधीच बघितलीय त्यांनी नवं रहस्य घ्यावं, प्रयोग तिथेही चालतो. बऱ्याच ओळी खोट्या ठरतील. ज्या थोड्या टिकतील, त्या मालिकेने तुमच्यासाठी ठेवलेल्या असतील.