साताऱ्याचा जाहीरनामा : एक वाचन

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ११ फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्यास काढलेला जाहीरनामा आम्ही नुकताच पुन्हा वाचला. आम्हां पलूसकरांना सातारा काही दूर नाही. तरी हा कागद आपल्या इतिहासप्रेमी मंडळींकडून दुर्लक्षितच राहिला आहे.

रचनेच्या दृष्टीने तो कसबी लेखकाचा आहे. आरंभी बाजीरावाच्या विश्वासघाताची जंत्री, मग आश्वासने : वतने, इनामे, देवस्थाने अबाधित राहतील, वसुलीची मक्तेदारी बंद होईल. शेवटी धाक : दोन महिन्यांत पेशव्याची चाकरी सोडा, नाहीतर जमिनी जातील. प्रवचनकारालाही हेवा वाटावा अशी ही बांधणी!

खरी मेख मधल्या एका वाक्यात आहे. छत्रपतींना स्वतंत्र राज्य देऊ, असे लेखक म्हणतो. पण ते केवढे? राजा व त्याचे कुटुंब सुखाने, इतमामाने राहू शकेल एवढे. राज्याचे माप प्रजेवरून न ठरता राजवाड्याच्या खर्चावरून ठरले. शिवाय त्या दिवशी प्रतापसिंह महाराज बाजीरावाच्याच छावणीत होते. आष्टीच्या लढाईनंतर ते इंग्रजांच्या हाती आले. आधी आश्वासन, मागाहून राजा.

दहा वर्षांपूर्वी, १८०८ मध्ये, नेपोलियनने भाऊ जोसेफ यास स्पेनच्या गादीवर बसविले होते. त्या राजवटीने संविधान आणले, इन्क्विझिशन मोडले. आम्हां धर्मगुरूंना कबूल करणे जड जाते, परंतु त्या सुधारणांत चांगले पुष्कळ होते. तरी लोकांनी त्यास 'बाटलीवाला पेपे' म्हणून हिणविले. साताऱ्यास राजा शिवछत्रपतींच्या घराण्यातला होता, परके होते ते गादी देणारे हात. म्हणूनच येथला प्रचार अधिक लागू पडला, असे आमचे मत आहे.

महाराजांनी मात्र 'स्वतंत्र' हा शब्द खरा मानला. १८१९ च्या तहाने परराज्यांशी पत्रव्यवहार बंद केला होता आणि १८२२ पर्यंत कारभार रेसिडेंट ग्रँट डफच्याच देखरेखीखाली होता. तरी त्यांनी शाळा काढल्या, रस्ते बांधले, छापखाना आणला. ही सुधारणा इंग्रजांची भेट म्हणून खपविणाऱ्या लेखकांशी आम्ही सहमत नाही. ज्याने कागदाचा शब्दशः अर्थ लावला, त्याची ती कमाई होय.

१८३९ मध्ये त्यांच्यावर गोव्याच्या पोर्तुगीजांशी कारस्थान केल्याचा आरोप आला. तहभंग कबूल करा, गादी राहील, असे मुंबईचे गव्हर्नर कार्नॅक यांनी साताऱ्यास येऊन सांगितले. महाराजांनी सही केली नाही. त्यांना पदच्युत करून काशीस पाठविले. १८४७ मध्ये तेथेच ते वारले.