परक्या घरातला भाडेकरू

परदेशी जाऊन आलेला मराठी माणूस लिहिल्यावाचून राहत नाही. तो बर्फ पाहतो, संग्रहालये पाहतो, तिथल्या रांगेचे कौतुक करतो आणि परत आल्यावर इथल्या रस्त्यांविषयी हळहळतो. या पांढरपेशा प्रवासवर्णनांविषयी आपल्या चळवळीतल्या माणसांनी फार शक्ती खर्च करण्याचे कारण नाही. परंतु परक्याच्या घरात महिनोन् महिने राहणे, त्याच्या चुलीवरचे खाणे, त्याच्या न्हाणीघरात अंघोळ करणे, त्याच्या घराची किल्ली खिशात बाळगणे हा अनुभव निराळा आहे. तो मराठीत क्वचित आला आहे, आणि जिथे आला तिथे आपल्या समीक्षेने विचारावयाचा तो प्रश्न विचारलेला नाही. घरात घेताना यजमानाने काय विचारले? आणि उंबरा ओलांडताना पाहुण्याने काय सांभाळले?

हे सुचण्याचे निमित्त बाळापूरचेच आहे. बाळापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली, शेतमजुराची मुलगी अकोल्याला शिकत असता विद्यार्थी-अदलाबदलीच्या योजनेतून सहा महिने जर्मनीत एका कुटुंबात राहून आली. परतल्यावर तिने महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी लेख लिहिला आणि तो मला दाखवायला आणला. लेख नीटनेटका होता. त्यात बर्फ होते, काळा पाव होता, वेळेवर येणारी गाडी होती. मी तिला विचारले, घरात काय झाले ते सांग. तेव्हा ती लेखाची भाषा टाकून आपल्या भाषेत बोलू लागली.

"सर, त्या बाईनं मले तीनच गोष्टी इचारल्या. काय खात नाहीस, पांघरूण एक पुरते का दोन, अन् रात्री दार आतून लावतं का. आडनाव तं तिले म्हणताच नाही आलं."

"मग आडनाव कुणीच विचारलं नाही?"

"इचारलं ना. तिथंच शिकणाऱ्या आपल्याच एका पोरानं. पहिल्याच दिवशी."

"हे लेखात का नाही?"

"थे कुठं लेहाचं असते काय सर?"

तिच्या या उलट प्रश्नाने मला बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'कडे पुन्हा नेले. हे छोटेसे इंग्रजी लेखन १९३५-३६च्या सुमाराचे मानले जाते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपाने छापले, आणि नंतर शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात ते आले. आपल्याकडे त्याचे वाचन बहुधा अन्यायाच्या प्रसंगांची यादी म्हणून होते. गोरेगावच्या वाटेवर पाणी न मिळालेली लेकरे, बडोद्यातली पारशी धर्मशाळा, चाळीसगावचा टांगा, दौलताबादचे टाके : एवढे सांगितले की व्याख्यान संपते. या मजकुराची मांडणी मात्र कुणी पाहत नाही. मांडणीत प्रमाण काय आहे ते पाहा. न्यू यॉर्क आणि लंडन येथे काढलेल्या वर्षांना लेखकाने दोनचार वाक्ये दिली आहेत. बडोद्यातल्या अकरा दिवसांना पानेच्या पाने. आपल्या विद्यार्थिनीच्या लेखात हे प्रमाण नेमके उलटे होते.

परदेशातल्या मुक्कामाविषयी त्यांचे सांगणे इतकेच की त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. जे पुसले गेले त्याचे वर्णन काय करणार? तिथे सांगण्यासारखे काही घडलेच नाही, हीच तिथे घडलेली गोष्ट होती. हे मौन लेखनातील उणीव नव्हे. पुढच्या अकरा दिवसांचा काळोख त्या मौनामुळेच दिसतो.

चरित्रकारांना मात्र हे मौन सहन झाले नाही. त्यांनी लंडनची घरमालकीण उभी केली. कडक, कंजूष बाई. सकाळी पावाचा तुकडा आणि कपभर चहा, रात्री भूक मारायला दिव्याखाली वाचता वाचता पापड. धनंजय कीरांच्या चरित्रात हा प्रसंग आहे, आणि आपल्या सभांतून तो इतक्या वेळा सांगितला गेला आहे की पापडांची संख्यासुद्धा श्रोत्यांना पाठ आहे. भुकेची ही कथा खोटी नाही. पण ती भक्तीने सांगितली जाते, आणि भक्तीला कष्ट एवढेच दिसतात. माझे म्हणणे असे की त्या बाईच्या कंजूषपणाकडे नीट पाहा. तिने पाव मोजला, लोणी मोजले असेल, कोळसाही मोजला असेल. परंतु तो हिशेब ती प्रत्येक भाडेकरूशी करीत होती. तिचा हात पावाशी आखडला. ताटाशी, पेल्याशी, बिछान्याशी आखडला नाही. या मुलाला असा अपमान हजारात एकदाही मिळाला नव्हता, ज्यात जात नाही. साधी घासाघीस, साधा कद्रूपणा, साधी कटकट : सवर्ण मुलाला ही रोजची गोष्ट, अस्पृश्य मुलाला ती समुद्र ओलांडल्यावर मिळाली.

आता दुसरे टोक पाहू. परक्या घरात राहिलेल्या मराठी विद्यार्थ्याची सर्वांत गाजलेली कथा आनंदीबाई जोशींची. ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांची ही मुलगी कलकत्त्याहून बोटीने निघाली आणि न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटरबाईंच्या घरी उतरली. या बाईंनी एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचला आणि न पाहिलेल्या मुलीला घर देऊ केले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. मार्च १८८६मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात मृत्यू आला. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंनी पकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. परक्या घराने इतके आपलेपण दिल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

परंतु त्या घरात शिरताना आनंदीबाईंनी काय सांभाळले? हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणून परत येईन, असे त्या सेरामपूरच्या सभेत जाहीर करून निघाल्या होत्या. लुगडे, शाकाहार, आचार यांचे ओझे त्यांनी अटलांटिकपलीकडे वाहिले, आणि यजमानीणबाईंनी त्याचा आदर केला. पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. 'आर्य' हा शब्द तिथे सहज पडलेला नाही. त्यांच्यावर दोषारोप करण्याचा माझा हेतू नाही; नवऱ्याच्या हट्टाखाली आणि समाजाच्या शिव्याशापांत त्या मुलीने जे केले ते करायला छाती लागते. तरी समीक्षकाने फरक नोंदवला पाहिजे. आनंदीबाईंपुढे प्रश्न होता, परक्याच्या घरात आपली शुद्धी कशी राखावी. तीस वर्षांनी, १९१३मध्ये, सयाजीरावांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन जो मुलगा न्यू यॉर्कला उतरला, त्याच्याजवळ राखण्यासारखी शुद्धी नव्हती. म्हणून त्याला परके घर हलके वाटले. एकीच्या प्रवासावर कादंबरी झाली, नाटक झाले, चित्रपट झाला. दुसऱ्याच्या त्या दोनचार वाक्यांवर मराठीत एक धड निबंध मला आढळला नाही.

अमेरिका म्हणजे समतेचा स्वर्ग, असे कुणी समजू नये. कोलंबिया विद्यापीठाला लागूनच हार्लेम आहे, आणि त्याच शहरात काळ्या माणसाला कातडीचा रंग पाहून खोली नाकारली जाई. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला, तो उगाच नव्हे. तिथेही दारे बंद होती. मात्र ती या मुलासाठी उघडी राहिली.

न्यू यॉर्कच्या वसतिगृहात त्यांचा खोलीतला सोबती होता नवल भथेना, पारशी. ही मैत्री जन्मभर टिकली. आणि १९१७ साली बडोद्यात त्यांना काठ्या घेऊन हुसकणारेही पारशीच. या योगायोगावर आपले व्याख्याते थांबत नाहीत, पण इथे थांबावे असे मला वाटते. समाज तोच, धर्म तोच. एका गावी खोली वाटून घेतली, दुसऱ्या गावी काठी उगारली. म्हणजे स्वभाव पारशाचा नव्हता, गावाचा होता. ज्या भूमीवर यजमान उभा आहे तिचे नियम त्याच्या हातात काठी देतात. बडोद्याचा प्रसंग वाचताना मला नेहमी तो कंदील दिसतो. वरच्या मजल्यावर मोडक्या खुर्च्या, फळ्या, बाके यांचा ढीग. रात्री रखवालदार एक कंदील आणून ठेवी आणि त्याचा उजेड वीतभरही पसरत नसे. खोटे पारशी नाव लावून, त्या उजेडात पुस्तक धरून, लंडन-न्यू यॉर्कला शिकून आलेला अधिकारी बसलेला आहे. अकराव्या दिवशी तेही गेले. मग एक हिंदू मित्र : तू आलास तर माझे नोकर जातील. मग एक ख्रिस्ती मित्र, मूळचा ब्राह्मण : बायको घरी नाही, ती मानणार नाही. पत्ता पत्त्याला जोडून सायंकाळ झाली, आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत हा माणूस कामाठी बागेत बसून राहिला. बंद दाराआड शिव्या देणारे कुणी नाही. दोघेही मित्र सुशिक्षित, दोघांनाही वाईट वाटले.

'व्हिसा' हा शब्द इथेच कळतो. परदेशात शिरताना दाखवायचा कागद त्यांच्याजवळ होता, तो चालला. न चालणारा कागद बडोद्यात लागत होता आणि तो देणारी कचेरी कुठेच नव्हती. हे लेखन इंग्रजीत, परदेशी वाचकाला समजावून सांगण्यासाठी आहे, याचीही संगती इथे लागते. ज्याने घर दिले त्याला सांगणे शक्य होते. घर न देणाऱ्याला ते ठाऊकच होते.

वऱ्हाडच्या वाचकाने यात आणखी एक धागा जोडावा. अमरावतीत शिकलेले श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत गेले आणि १९०९ साली जातिसंस्थेच्या इतिहासावर ग्रंथ प्रसिद्ध केला. हिंदू जगभर पसरले तर जात हा जगाचा प्रश्न होईल हे त्यांचे निरीक्षण बाबासाहेबांनी १९१६च्या कोलंबियातील निबंधात आवर्जून घेतले. केतकर आणि आंबेडकर यांची अन्य बाबतींत वाट वेगळी. हे भाकीत मात्र खरे ठरले. २०२३च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सिएटल शहराला जातिभेदाविरुद्ध ठराव करावा लागला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक संमत केले आणि गव्हर्नरने ते परत पाठवले. आमच्या विद्यार्थिनीला जर्मनीत आडनाव विचारणारा मुलगा या भाकिताचाच एक हप्ता आहे. परदेशातले परके घर सुटसुटीत. आपल्या माणसाचे घर तिथेही चौकशी करते.

आज आपली मुले बाहेर जातात ती राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांवर. हा हक्क झगडून मिळाला आहे. पण २०२२मध्ये केंद्राने आपल्या परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाज यांवरील अभ्यास वगळला. याचा सरळ अर्थ काय? परक्या घरी जा, पण आपल्या घराविषयी तिथे बोलू नका. कोलंबियात 'वेटिंग फॉर अ व्हिसा' विद्यार्थ्यांना वाचायला देतात; या नियमाने आपला विद्यार्थी तोच मजकूर अभ्यासायला सरकारी पैशाने तिथे जाऊ शकत नाही.

लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर, जिथे बाबासाहेब भाड्याने राहत, महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. शेजाऱ्यांनी गर्दीची तक्रार केली, नगरपरिषदेने परवानगी अडवली आणि २०२०च्या मार्चमध्ये अखेर स्मारकाला मान्यता मिळाली. शासनाने भाडेकरूची खोली विकत घेतली हे चांगलेच झाले. त्याच शासनाच्या अकोल्यात आमच्या मुलीने परतल्यावर खोली शोधली. पहिल्या घरी पूर्ण नाव विचारले. दुसऱ्या घरी गाव विचारले, मग गावातला मोहल्ला. तिसऱ्या घरी खोली कालच गेली होती. आठ दिवसांनी त्याच दारावर पाटी तशीच. बाळापुरात मिर्झाराजे जयसिंगाची म्हणून ओळखली जाणारी दगडी छत्री नदीकाठी उभी आहे. दूरच्या राजपुताच्या नावाने इथे छत्री उभी राहिली, त्याचे गाव कुणी विचारले नाही.

तिने लेख पुन्हा लिहिला. आता त्यात बर्फ दोन ओळींत आहे आणि अकोल्यातली तीन दारे चार पानांत. वार्षिकांकाच्या संपादकांनी तो अद्याप घेतलेला नाही. दरम्यान तिची जर्मन घरमालकीण दिवाळीत भारतात यायचे म्हणते आहे, आणि बाळापूरला तिच्याच घरी राहणार म्हणते. मुलीने घरी सांगितले, तेव्हा आई बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "थे बाई आपल्या घरचं पाणी पेईन काय?"