अडकित्त्याची खीळ

बडोद्यात धारदार वस्तू पाहावयास येणारा रसिक बहुधा लक्ष्मीविलास राजवाड्याकडे वळतो. 1890 साली पुऱ्या झालेल्या त्या वास्तूतील शस्त्रागारात तलवारी आणि कट्यारी मांडलेल्या आहेत, आणि त्यांच्या मुठींवरील काम पाहून कोणाचीही दृष्टी ठरावी. परंतु आमच्या घरांतून तलवारीपेक्षा कितीतरी अधिक राबलेले एक मिटणारे पाते आहे. त्याला शस्त्राचा मान नाही, भांड्याचाही नाही. ते म्हणजे पानाच्या तबकातला अडकित्ता. गुजराती शेजारी त्याला सुडी म्हणतात, आणि बडोद्याच्या मराठी घरांत दोन्ही शब्द एकाच तबकात सुखाने नांदतात. अडकित्ता हे नावही मूळचे आपले नव्हेच. कानडीतील अडके म्हणजे सुपारी आणि कत्तरि म्हणजे कात्री, या दोहोंचा तो मराठी संसार आहे.

अशा वस्तूंचा संग्रह करणे हा वेडेपणा समजला जाई, त्या काळी पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी तो केला. चष्म्यांच्या व्यवसायात असलेल्या आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थाने दिवे, कुलुपे, दौती यांच्याबरोबर अडकित्तेही जमविले. अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले, आणि 1975 साली तो सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. परदेशातही या वेडाला सोबती निघाला. पोलंडमध्ये जन्मलेले आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अध्यापन केलेले थोर गणिती सॅम्युएल आयलेनबर्ग यांनी हिंदुस्थान व आग्नेय आशियातील अडकित्ते इतके जमविले की हेन्री ब्राउनरिग यांना त्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिता आला. गणितात वस्तूपेक्षा वस्तूंमधील संबंधांकडे पाहण्याची शिस्त घालून देणाऱ्या माणसाला दोन दांड्यांच्या या सांध्याचा मोह पडावा, यात मला तरी नवल वाटत नाही.

या थोरांविषयी पूर्ण आदर राखूनही माझी एक तक्रार आहे, आणि ती आपल्या एकूण संग्राहकवृत्तीविषयी आहे. आपण अडकित्ता पाहतो तो शिल्प म्हणून. घोड्याचे मुख, पोपटाची जोडी, दांड्यांच्या टोकाशी उभे असलेले मिथुन, यांवर आपली नजर खिळते, आणि मी पाहिलेल्या बहुतेक मांडण्यांत चिठ्ठीवर आकार, धातू आणि अंदाजे शतक यांपलीकडे काही नसते. वस्तू काचेआड मिटून पडलेली असते. ती उघडते कशी, पाते किती कलते, सुपारी नेमकी कोठे धरावयाची, हे प्रेक्षकाने कल्पनेने जाणावे! सतार भिंतीला टांगून तिच्या भोपळ्यावरच्या वेलबुट्टीचे कौतुक करण्यासारखाच हा प्रकार झाला.

वस्तुतः अडकित्त्याचा प्राण त्याच्या खिळीत आहे. दोन दांडे एका टोकाशी जोडलेले. जोर हातापाशी, सुपारी मध्ये, टेकू टोकाला. सुपारी खिळीच्या जितकी जवळ, तितका हाताचा जोर वाढतो. म्हणूनच वाळून दगड झालेली सुपारी सत्तरीच्या म्हातारीच्या मुठीतही फुटते. पण खीळ घट्ट बसली तर दांडे अडखळतात आणि सैल बसली तर पाते बाजूला कलंडून सुपारी चिरडते. चांगल्या कारागिराने ती अशी ठोकलेली असते की दांडा स्वतःच्या वजनाने हळूच खाली यावा, पण डुलू नये. पितळी अंगाच्या अडकित्त्यात पोलादी पाते खाचेत बसवावे लागते, आणि पात्याची व खिळीची रेषा केसभर जरी चुकली तरी घोड्याचे मुख कितीही सुबक असो, त्या अडकित्त्याने पानाच्या बैठकीत मालकाची फजिती करावयाचीच.

मिटणाऱ्या चाकूंच्या संग्राहकांचे जग येथे तुलनेला घ्यावेसे वाटते. अमेरिकेत अशा चाकूंना मोठा मान आहे. तेथे मायकेल वॉकर यांनी 1980 नंतरच्या काही वर्षांत बाजूच्या पातळ पट्टीनेच उघडे पाते अडकविण्याची युक्ती नावारूपाला आणली. दक्षिण आफ्रिकेतून तेथे गेलेल्या ख्रिस रीव्ह यांनी 1990 च्या सुमारास आपला चाकू काढला आणि त्याला झुलू भाषेतील ‘सेबेन्झा’, म्हणजे काम, असे नाव दिले. अशा चाकूंची निर्मिती वाढून यंत्रांवर गेली की संग्राहक मागे वळतात आणि कारागिराने प्रथम स्वतःच्या हाताने घासून बसविलेले नग शोधू लागतात. त्यांचे काम एका दृष्टीने सोपे आहे. त्यांच्यापाशी नाव आहे, साल आहे, पुष्कळदा क्रमांकही आहे. आपल्या अडकित्त्यावर बहुधा यांतले काहीच नसते. येथे ‘आधीचा’ आणि ‘नंतरचा’ हे वस्तूलाच विचारावे लागते.

आणखी एका बाबतीत त्यांचे नि आपले जमणार नाही. तिकडे न वापरलेला, पेटीतला नग सर्वांत मोलाचा. त्यातही तथ्य आहे, कारण कारागिराने सांध्यात ठेवलेले अंतर त्यातच जसेच्या तसे मोजता येते. तथापि अडकित्त्याला हे माप लावू नये असे माझे मत आहे. ज्याने कधी सुपारी कातरली नाही त्याच्या घडणीची परीक्षाच झालेली नाही. खिळीचे भोक एका बाजूला झिजून लांबट झालेले, धार लावून लावून पाते अरुंद झालेले, सांध्यात काथाचा तांबूस डाग मुरलेला, असा अडकित्ता माझ्या लेखी अधिक बोलका आहे. आणि बदललेली खीळ? संग्राहक तिला दोष मानतात. मी तिला दुसऱ्या कारागिराची सही मानतो.

हे ज्ञान मला फुकट मिळालेले नाही. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी मोरमुखी अडकित्ता घेतला. खोबणीत काळसर हिरवा गंज, दांड्यांवर झीज, सारे कसे यथासांग. घरी आल्यावर सुपारी धरून पाहिली तेव्हा उलगडा झाला. पाते खालच्या दांड्यावर टेकतच नव्हते. झीज होती ती मोराच्या तुऱ्यावर, जेथे कातरताना कोणाचे बोट कधी लागत नाही! साच्यात ओतलेली, आम्लाने म्हातारी केलेली नवी वस्तू मी रूपावर भाळून घेतली होती. दुकानातच एक सुपारी मागितली असती तर पैसे वाचले असते.

यास्तव बडोद्यासारख्या नगराकडून माझी अपेक्षा अधिक आहे. 1890 साली येथे कलाभवन निघाले ते हातातील कसब आणि शास्त्र यांची गाठ घालण्यासाठी, आणि 1950 पासून येथील विद्यापीठात ललित कलांचे शिक्षण चालू आहे. अहमदाबादेस विशाला येथे 1981 पासून केवळ घरगुती भांड्यांचे संग्रहालय उभे आहे. जामनगरची सुडी अजून नाव राखून आहे, आणि भुजजवळच्या रेहा गावी चाकू व सुड्या घडविणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. तेव्हा अडकित्ता विकत घेणाऱ्याने घोडा की पोपट हे लिहिण्याआधी तो कोणत्या गावचा, कोणाच्या घरातून आला, खीळ ठोकलेली की मळसूत्राची, पाते मूळचे की बदललेले, एवढे तरी टिपून ठेवावे. आज विचारले तर सांगणारे लोक आहेत. संग्रहालयांनीही प्रत्येक पेटीजवळ एक साधा, हाताळता येणारा अडकित्ता साखळीने बांधून ठेवावयास काय हरकत आहे? चार सुपाऱ्यांचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकाला झेपेल.

कोकणातून आजीबरोबर आलेला आमच्या घरचा अडकित्ता लोखंडी आहे. त्यावर पक्षी नाही, फूल नाही. तिच्या हयातीतच त्याची खीळ दोनदा बदलली. एका जाणकाराने तो हाती घेऊन सांगितले की साफ करून नवी पितळी खीळ घातली तर किंमत येईल. तो आहे तसाच तबकात आहे. सुपारी अजून कातरतो. फक्त खांडे थोडी जाड पडतात, आणि आमच्याकडे आता सुपारी खाणारे दोघेच उरले आहेत.