सुलभा महाजनची नोकरी

‘उंबरठा’ न पाहिलेल्यांनाही त्याबद्दल दोन गोष्टी हमखास माहीत असतात. एक, त्यातली लताबाईंनी गायलेली गाणी. दुसरी, शेवटी स्मिता पाटील घर सोडून जाते. त्यामुळे आठ मार्चच्या आसपास दरवर्षी हा सिनेमा ‘घराबाहेर पडलेल्या बाईची गोष्ट’ म्हणून शेअर होतो. त्याला बऱ्यापैकी लाइक्स मिळतात आणि पुढच्या मार्चपर्यंत सगळे तो विसरतात.

मी तो पहिल्यांदा मोबाइलवर पाहिला. कंपनीच्या बसमध्ये, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, चार फेऱ्यांत मिळून. (अशा सिनेमासाठी ही जागा वाईट नाही. बसमधले निम्मे लोक घर आणि ऑफिस यांच्या मध्येच कुठेतरी अडकलेले असतात.) तेव्हापासून मला वाटतं की आपण या सिनेमाचा मधला मोठा तुकडा नीट पाहतच नाही. घर सुरुवातीला येतं आणि शेवटी येतं. मधे आहे ते ऑफिस. ‘उंबरठा’ हा नोकरीवरचा मराठीतला फार चांगला सिनेमा आहे, आणि तो जिथे कमी पडतो तिथेही नोकरीच्याच बाबतीत कमी पडतो.

१९८२चा हा सिनेमा जब्बार पटेलांचा. पटकथा विजय तेंडुलकरांची, आधार शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीचा. सुलभा महाजन वकिलाची बायको, एका मुलीची आई, समाजकार्याचं शिक्षण घेतलेली. संगमवाडीच्या महिला सुधारगृहात अधीक्षिकेची जागा मिळते आणि ती जाते. सासूला कळत नाही की समाजकार्यासाठी एवढं लांब कशाला जायचं. नवऱ्याला, म्हणजे गिरीश कार्नाडांच्या सुभाषला, वाटतं की थोड्या दिवसांत हौस फिटेल. मुलगी राणी जावेकडे राहते.

आता तिचं काम काय आहे ते बघा. बायकांची राहण्याखाण्याची व्यवस्था लावणं, भांडणं सोडवणं, शिस्त राखणं, कोण पळालं, कोण आजारी पडलं, कोण रडतंय ते बघणं. घरात जे करायचं तेच, फक्त कितीतरी पट मोठ्या घरात आणि रजिस्टर ठेवून. बाईला बाहेर काम द्यायची वेळ आली की व्यवस्था पटकन असं एखादं काम शोधून काढते. त्यात बाई शोभून दिसते आणि कुणाच्या खुर्चीला धक्का लागत नाही. खरी खुर्ची व्यवस्थापन समितीकडे आहे. पैसा, नेमणुका, वरच्या ओळखी सगळं तिकडे. स्थानिक आमदाराची नजर आश्रमातल्या बायकांवर आहे हे सुलभाला कळतं, पण ते थांबवायचं कुठलंच बटण तिच्या टेबलावर नाही.

आमच्या धंद्यातलं उदाहरण देते. ऑन-कॉल म्हणजे रात्री तीनला सर्व्हर पडला तर फोन तुम्हाला येणार. तो फोन घ्यायला माझी ना नाही, पण मग मला प्रॉडक्शनचा अ‍ॅक्सेस हवा. फोन माझा आणि पासवर्ड दुसऱ्याचा असेल, तर माझं काम उरतं ते फक्त पहाटे शिव्या खाण्याचं. सुलभाची पोस्ट नेमकी अशी आहे. दोन बायका जाळून घेऊन मरतात तेव्हा चौकशी बसते आणि उत्तरं तिला द्यावी लागतात. चांगल्या टीममध्ये मोठा घोळ झाल्यावर जी बैठक होते तिचा नियम असतो की कारण शोधायचं, माणूस शोधायचा नाही. संगमवाडीत माणूस आधीच सापडलेला आहे. कारण शोधायला गेलं तर समितीतल्या अर्ध्या लोकांची नावं निघतील.

हे चौकशीचे प्रसंग स्मिता पाटील ज्या पद्धतीने करते त्याला तोड नाही. ती चिडत नाही. तिला दमणूक दिसू द्यायची नसते, आणि तरी ती दिसते. मीटिंगमध्ये स्वतःचंच म्हणणं तिसऱ्यांदा समजावून सांगणाऱ्या बाईचा चेहरा मी बऱ्याच ठिकाणी पाहिलाय. तो असाच असतो.

असली कामं बायकांच्याच वाट्याला का येतात? त्यांना आवडतात म्हणून, असं सांगितलं जातं. लिंडा बॅबकॉक, लीझ वेस्टरलुंड आणि त्यांच्या दोन सहकारी संशोधक बायकांनी २०१७ साली एक साधा प्रयोग छापला. तिघांचा गट, दोन मिनिटं, स्क्रीनवर एक बटण. कुणीच दाबलं नाही तर सगळ्यांना एक डॉलर. एकाने दाबलं तर त्याला सव्वा डॉलर आणि बाकीच्यांना दोन. म्हणजे कुणीतरी दाबायला हवं, पण दाबणारा तोट्यात. मिश्र गटांत बायकांनी पुरुषांच्या जवळपास दीडपट वेळा बटण दाबलं. पण गटात नुसते पुरुष असले की पुरुषही तितकंच दाबायचे. त्यामुळे आवडीनिवडीची गोष्ट टिकत नाही. बाई खोलीत असली की ती दाबेल असं सगळे धरून चालतात, ती स्वतःसुद्धा.

माझ्या आधीच्या कंपनीत नव्या मुलांना कामाला लावणं, मीटिंगचे मुद्दे लिहून काढणं, दोन टीममधली भांडणं मिटवणं हे सगळं बटण आम्ही दोघी दाबायचो. वर्षाअखेरीस दोघींच्या अप्रेझलमध्ये एकच वाक्य होतं: तांत्रिक खोली वाढवायला हवी. मुद्दे लिहिता लिहिता ती कधी वाढवायची ते लिहिलं नव्हतं.

आता तक्रार. क्लॉडिया गोल्डिन या अर्थशास्त्रज्ञ बाईंना २०२३ साली नोबेल मिळालं. त्यांच्या लेखनात ‘हावऱ्या’ कामाची कल्पना आहे. जी नोकरी तुमचा कुठलाही तास मागू शकते तिला पैसा आणि बढती जास्त. मूल झाल्यावर दोघंही अशा नोकऱ्या करू शकत नाहीत, मग एकजण घरासाठी हाताशी राहतो. बहुतेक वेळा एकजण म्हणजे ती. सुलभाची नोकरी हावरी आहे, तिथेच राहायचं, दिवसरात्र. म्हणजे घरासाठी हाताशी राहायची पाळी सुभाषची. तो राहत नाही. जाऊ राहते. तिच्या मायेबद्दल सिनेमाला कौतुक आहे, पण राणीला सांभाळणं हेही काम आहे आणि ते कुणाचं तरी उरलेलं आहे, हे तो म्हणत नाही. पुढे राणी आईपासून दुरावते. हा हिशेब सिनेमा निमूटपणे सुलभाच्या नावावर मांडतो. त्याच घरात राहून मुलीला वहिनीवर सोपवणाऱ्या बापाच्या खात्यात मात्र काहीच खर्च पडत नाही.

दुसरी तक्रार मोठी आहे. सुलभा परत येते तेव्हा कळतं की सुभाषचे दुसऱ्या बाईशी संबंध आहेत. इथे सिनेमा स्वतःची अडचण सोडवून घेतो. बाहेरख्याली नवऱ्याला सोडून जाणारी बाई प्रेक्षकाला पटते. पण सुभाष एकनिष्ठ असता, प्रेमळ असता, आणि फक्त एवढंच म्हणाला असता की झालं ना आता, राहा घरी? तर ती गेली असती का? आणि गेली असती तर थिएटरातले किती लोक तिच्या बाजूने राहिले असते? माझ्या आसपास ज्या मुलींनी नोकऱ्या सोडल्या त्यांचे नवरे चांगलेच होते. चहा करणारे, डबा भरणारे. सोडायची कुणी सांगितली नव्हती, फक्त दोघांपैकी कुणाची सोडायची ही चर्चा कधी झालीच नाही. तेंडुलकर एरवी कुणाला सुटू देत नाहीत. इथे त्यांनी प्रेक्षकाला सोडलं, असं मला वाटतं.

आश्रमातल्या दोन बायकांच्या एकमेकींवरच्या प्रेमाचा प्रसंगही आहे. १९८२च्या मराठी पडद्यासाठी तो धीटच होता. पण सुलभा त्याकडे आजार म्हणून बघते, आणि तेवढ्यापुरती तिची नजर आणि समितीची नजर यांत फारसं अंतर उरत नाही. अधिकार नसलेल्या खुर्चीचीही सवय लागते, हे बहुधा सिनेमाला अभिप्रेत नसताना दिसून गेलंय.

शेवटी ती आगगाडीत बसते. हिंदी आवृत्तीचं नाव ‘सुबह’ आहे, त्यामुळे पुढे उजाडणार असं समजायला हरकत नाही. मला मात्र तिच्या पुढच्या अर्जाची काळजी वाटते. मागच्या नोकरीत राजीनामा, त्याआधी चौकशी, दोन मृत्यू. समोर पुन्हा एक समिती बसलेली असणार, आणि पहिला प्रश्न ठरलेला: मागची नोकरी का सोडली? दुसराही ठरलेला. तो सुभाषला कुणी कधी विचारला नसता: मुलीला कुठे ठेवलंय?